हवा, धूर आणि उतारवयातली स्मरणशक्ती: ज्येष्ठांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्येष्ठ नागरिक संघात प्रदूषणावर बोलायला उभं राहिलं की पहिले प्रश्न खोकल्याचे आणि दम्याचे येतात. मग मागच्या रांगेतलं कुणीतरी जरा बिचकतच विचारतं, "धुराने माणूस विसराळू होतो म्हणे, खरं का?" त्यानंतर पुढचा तासभर दम्याचं नाव कुणी काढत नाही. तिथे पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न खाली दिले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत; प्रश्नच तसे होते.

धूर फुप्फुसात जातो हे कळलं. मेंदूशी त्याचं काय देणंघेणं?

हवेतल्या ज्या बारीक कणांना पीएम २.५ म्हणतात, त्यांचा व्यास २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी असतो. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड. म्हणजे केसाच्या जाडीत असे वीस-पंचवीस कण शेजारी शेजारी मावतील. नाकातले केस आणि घशातला चिकटपणा जाडी धूळ अडवतात, हे कण मात्र थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत उतरतात. त्यातले अतिसूक्ष्म कण रक्तातही मिसळतात.

तिथून मेंदूला त्रास होण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली रक्तवाहिन्यांची. रक्तदाब वाढतो, वाहिन्या कडक होतात, पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि मेंदूच्या बारीक वाहिन्या खराब झाल्या की स्मरणशक्तीलाही झळ बसते. दुसरी वाट दाहाची. फुप्फुसात सूज आली की तिथली रसायनं रक्तातून अंगभर फिरतात आणि मेंदूतल्या संरक्षक पेशीही चवताळतात. काही दिवस हे चाललं तर चालतं, वर्षानुवर्षं चाललं तर त्या पेशी आपल्याच मज्जापेशींना इजा करू लागतात.

तिसरी वाट नाकाची, आणि मला ती सगळ्यात अस्वस्थ करणारी वाटते. वासाची संवेदना नेणारे तंतू नाकाच्या छतातून थेट मेंदूत जातात. अतिसूक्ष्म कणांना ही जवळची वाट सापडू शकते. मेक्सिको सिटीत लिलियन काल्देरॉन-गार्सिदुएन्यास या संशोधिकेने २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत तिथल्या कुत्र्यांचे मेंदू तपासले. स्वच्छ हवेच्या गावातल्या कुत्र्यांच्या तुलनेत या शहरी कुत्र्यांच्या मेंदूत दाहाच्या आणि झिजेच्या खुणा जास्त होत्या, आणि नाकाशी जोडलेला भागही त्यातून सुटला नव्हता. पुढे २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या बार्बरा माहेर आणि सहकाऱ्यांनी मेक्सिको सिटी आणि मँचेस्टरच्या ३७ मृत व्यक्तींच्या मेंदूत मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहचुंबकी खनिजाचे, अतिसूक्ष्म गोल कण शोधले. असे गोल कण प्रचंड उष्णतेत, ज्वलनात तयार होतात. ते मेंदूत सापडले एवढंच त्यातून सिद्ध होतं. त्यांनीच आजार झाला, हे त्यातून सिद्ध होत नाही.

पुरावा पक्का आहे, की नुसतीच भीती?

शंका रास्त आहे. हमरस्त्याला लागून राहणारे लोक बऱ्याचदा गरीब असतात, शिक्षण कमी झालेलं असतं, रात्रभर हॉर्न ऐकत झोपतात. या सगळ्याचाही स्मरणशक्तीवर परिणाम होतो. मग दोष धुराला द्यायचा की गरिबीला? संशोधक आकडेमोडीने हे घटक वेगळे काढतात, पण पूर्ण वेगळे निघाले असं छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही.

तरीही पुरावा आता एका बाजूला चांगलाच झुकला आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या सुमारे ६६ लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या रस्त्यापासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्यांत डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या आजाराचा, धोका ७ टक्क्यांनी जास्त होता, ५० ते १०० मीटरवर ४ टक्क्यांनी, त्यापुढे २०० मीटरपर्यंत २ टक्क्यांनी. २०० मीटरच्या पलीकडे फरक उरला नाही. अंतर वाढेल तसा धोका पायरीपायरीने उतरत गेला, म्हणून या अभ्यासाची एवढी चर्चा झाली. २०२५ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी जगभरातले ५१ अभ्यास, मिळून २ कोटी ९० लाखांहून अधिक लोक, एकत्र मांडले. हवेतले पीएम २.५ कण घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढले की डिमेन्शियाचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो, असं त्यातून निघालं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या डिमेन्शियावरच्या आयोगाने तर २०२० मध्येच हवेच्या प्रदूषणाला टाळता येण्याजोग्या कारणांच्या यादीत बसवलं होतं.

माझ्या मते यापेक्षा बोलका पुरावा उलट दिशेचा आहे. हवा सुधारली तर बुद्धीची घसरण मंदावते का? चीनने २०१३ पासून हवा स्वच्छ करण्याची कडक मोहीम राबवली. जिथे प्रदूषण कमी करण्याचं बंधन होतं, तिथल्या वृद्धांची आकलनशक्ती इतर ठिकाणच्यांपेक्षा हळू घसरली.

१७ टक्के म्हणजे शंभरातल्या सतरा जणांना होणार का?

नाही. असं समजून लोक उगाच घाबरतात. भारतात साठीच्या पुढच्या शंभर माणसांमागे साधारण सात जणांना डिमेन्शिया आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत हा आकडा ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा निघाला. सातावर सतरा टक्के म्हणजे ढोबळमानाने शंभरात आणखी एक. तुमच्या एकट्यापुरता हा धोका मोठा नाही. रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणं, एकटेपणा हे घटक तितकेच किंवा जास्त महत्त्वाचे आहेत. पण तंबाखू सोडता येते, श्वास सोडून देता येत नाही. एका शहरातले सगळेच ती हवा घेतात, म्हणून शंभरातला तो एक जण मोजता मोजता लाखांवर जातो.

आम्ही गावात राहतो. आमच्याकडे कुठलं प्रदूषण?

गावची हवा शुद्ध, हा आपला लाडका समज. वर सांगितलेल्या राष्ट्रीय पाहणीत डिमेन्शियाचं प्रमाण शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसलं. शिक्षण कमी मिळणं हे त्याचं एक मोठं कारण. पण भारतातल्या ज्येष्ठांच्या पाहण्यांतून हेही दिसलं आहे, की लाकूड, गोवऱ्या, पिकांचं काड अशा इंधनावर स्वयंपाक करणाऱ्या घरांतल्या वृद्धांची स्मरणशक्ती आणि आकलन गॅसवाल्या घरांपेक्षा कमी भरतं. ज्या आजीने पन्नास वर्षं फुंकणीने चूल फुंकली, तिने बहुधा शहरातल्या रिक्षावाल्यापेक्षाही जास्त धूर गिळला असेल.

"आमच्याकडे गॅस आहे हो" असं उत्तर लगेच येतं. असतो. चहा त्यावर, पाहुणे आले तर पोहे त्यावर. भाकरी मात्र चुलीवरची, कारण तिची चव वेगळी आणि सिलिंडर महाग. विदर्भात पऱ्हाट्या-तुराट्या फुकट मिळतात, मग कोण गॅस जाळतो? हे सगळं समजून घेऊन सांगतो: चूल पूर्ण सोडणं जमत नसेल तर जे तास न् तास शिजतं ते आधी गॅसवर न्या. आंघोळीचं पाणी, डाळ, जनावरांची आंबोण. भाकरी राहू द्या.

सांगली-कोल्हापूरकडे पहाटेचा बंब हा खास आजोबांचा मान. तोंडात काडी धरून बंबापुढे उकिडवं बसायचं आणि ढलप्या सारत राहायचं. बंब पडवीत किंवा अंगणात ठेवा, सरपण वाळलेलंच घ्या, आणि पेटवायला प्लास्टिकची पिशवी किंवा ट्यूबचा तुकडा अजिबात वापरू नका. चटकन पेटतं खरं, पण तो धूर लाकडाच्या धुराहून कितीतरी विषारी.

थंडीत खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दार लावून झोपणं ही तर जिवावरची गोष्ट. शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. त्यातून वाचलेल्या काही माणसांची स्मरणशक्ती पुढे कायमची अधू झालेली आहे.

उदबत्ती लावू नको म्हणता का? देवापुढे?

नाही म्हणत. पण बंद खोलीत, पंखा बंद करून, सकाळ-संध्याकाळ चार-चार उदबत्त्या, वर धूप आणि ऊद असं असेल तर देवघरातली हवा कडाक्याच्या थंडीतल्या चौकासारखी होते. एक उदबत्ती, उघडी खिडकी. निरांजनाला धूर त्याहून कमी. देवाची तक्रार येणार नाही.

खरा गुन्हेगार पलंगाखाली असतो. डास घालवायची हिरवी कॉइल! २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे पीएम २.५ कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. जन्मात विडी न ओढलेल्या आजी आठ तास त्या धुरात झोपतात, तेही खिडक्या लावून. मच्छरदाणी लावा. दांड्या, नाड्या, गाठी यांचा कंटाळा येतो हे मान्य, पण डासांवर याहून चांगला आणि बिनधुराचा उपाय अजून निघालेला नाही.

दिवाळीत नातवंडांना फटाक्यांना नाही कसं म्हणायचं?

निदान नागगोळीला तरी म्हणा. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने सहा लोकप्रिय फटाके तपासले, तेव्हा सगळ्यात जास्त सूक्ष्म कण त्या निरुपद्रवी दिसणाऱ्या, आवाज न करणाऱ्या काळ्या गोळीतून निघाले. आपण ती "लहान मुलांची" म्हणून हातात देतो आणि स्वतः खुर्ची टाकून शेजारी बसतो. त्या सहांत अनाराने सर्वांत कमी कण सोडले. कमी म्हणजे शून्य नव्हे.

पहाटे पाचला फिरायला जातो, तीस वर्षांची सवय आहे. बंद करू?

चालणं बंद करू नका. व्यायाम हा मेंदूसाठी ज्यांचा उपयोग दिसला आहे अशा मोजक्या उपायांपैकी एक आहे आणि तो सोडला तर धुरामुळे होईल त्याहून जास्त नुकसान होईल. बदलायची आहे ती वेळ, आणि तीही हिवाळ्यापुरती. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत रात्री जमीन गार होते, गार हवेचा थर खाली बसतो आणि वरची उबदार हवा त्याच्यावर झाकणासारखी पडते. रात्रभराचा धूर त्या झाकणाखाली साठतो. पहाटेचं ते "धुकं" पाहून आपण प्रसन्न होतो. शहरात त्यात बराचसा धूरच असतो. ऊन चढून हवा हलू लागली की निघा. पावसाळ्यात हवी ती वेळ घ्या, पाऊस हवा धुऊन काढतो. मुंबईत समुद्रावरचा वारा बरंच सावरून घेतो, पण हिवाळ्यात तोही मंदावतो. २०२३ मध्ये हिवाळ्याच्या तोंडावरच मुंबईची हवा इतकी बिघडली की मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

वाटही बदला. ओंटारिओचे ते मीटर आठवा. हमरस्त्याच्या कडेने चालण्यापेक्षा दोन गल्ल्या आतून चाललात तर फरक पडतो.

हवा कशी आहे हे कुठे पाहायचं? आकड्याचा अर्थ काय लावायचा?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'सफर' ही यंत्रणा उभी केली. पुणे, मुंबई, दिल्ली, अहमदाबादची हवा त्यावर कळते. इतर शहरांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' हे ॲप आहे. हवा गुणवत्ता निर्देशांक ५० पर्यंत चांगला, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, त्यापुढे अतिशय वाईट आणि ४०० नंतर गंभीर.

यातल्या "समाधानकारक" या शब्दावर फार विसंबू नका. सूक्ष्म कणांमुळे निर्देशांक १०० झाला, तर त्याचा अर्थ घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम. ही भारताची दिवसभरासाठीची मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची मर्यादा १५ आहे. वर्षाच्या सरासरीत तर आपली मर्यादा ४० आणि त्यांची ५. म्हणजे ॲपवर हिरवट रंग दिसतो तेव्हाही हवा त्यांच्या मोजमापाने चौपट घाण असू शकते. माझा साधा हिशेब: १०० च्या आत नेहमीसारखं फिरा, २०० पर्यंत वेळ पाहून फिरा, २०० च्या वर घरातच येरझाऱ्या घाला.

मास्क, हवा शुद्ध करणारं यंत्र, घरातली झाडं... यातलं काय घेऊ?

कापडी मास्क आणि उपरणं धूळ अडवतं, हे कण नाही. नीट घट्ट बसलेला एन-९५ अडवतो. दमा किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारून वापरा, कारण त्यातून श्वास घ्यायला जोर लागतो. यंत्र घ्यायचं तर हेपा फिल्टरचं, म्हणजे सूक्ष्म कण अडवणाऱ्या दाट गाळणीचं, घ्या, झोपायच्या खोलीत ठेवा, दार-खिडकी लावून चालवा आणि फिल्टर बदलण्याचा खर्च आधी विचारून घ्या. ओझोन सोडणारी यंत्रं नकोत. झाडं मन प्रसन्न करतात, खोलीतले सूक्ष्म कण मनीप्लांटने कमी होत नाहीत.

बदाम खाऊन फायदा होतो का?

बदामाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. माशांबद्दल थोडं आहे. अमेरिकेत वृद्ध स्त्रियांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांच्या रक्तात ओमेगा-३ (माशांतला एक स्निग्ध घटक) जास्त होतं त्यांच्या मेंदूवर प्रदूषणाचा परिणाम कमी दिसला. निरीक्षणाचा अभ्यास आहे, औषधाची चाचणी नव्हे. पण कोकणातल्या माणसाला बांगडा आणि तारली खायला निमित्त लागतं कुठे? शाकाहारी मंडळींनी जवस-अक्रोडावर भागवावं, आणि वर्षातून एकदा बी-१२ तपासून घ्यावं. त्याच्या कमतरतेनेही विस्मरण होतं, आणि ते वेळेत कळलं तर बरंही होतं.

बाबा हल्ली फार विसरतात. हवेमुळे असेल का?

एका माणसाकडे बोट दाखवून "यांना हवेमुळे झालं" असं कुणीच सांगू शकणार नाही. पण "साठी, बुद्धी नाठी" म्हणून सोडूनही देऊ नका. या म्हणीने आपल्याकडे जितकं नुकसान केलं आहे तितकं क्वचितच दुसऱ्या म्हणीने केलं असेल. नाव आठवायला वेळ लागणं, किल्ली शोधणं हे वयाचं. पण चाळीस वर्षांच्या देवळाच्या वाटेवरून परत येताना चुकणं, जन्मभर भिशीचा हिशेब ठेवलेल्या बाईला बेरीज न जमणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत पाचदा विचारणं, शांत माणूस एकाएकी संशयी होणं, हे वयाचं नाही. फोडणी करपल्याचा वास न येणं हेही लक्षात ठेवा. वास जाणं कधी कधी बरंच आधी सुरू होतं.

डॉक्टरांकडे गेलात की थायरॉइड, बी-१२, सोडियम, नैराश्य, कमी ऐकू येणं आणि चालू असलेल्या झोपेच्या गोळ्या यांचा विषय काढा. यातली कित्येक कारणं दुरुस्त होणारी आहेत. बदल एक-दोन दिवसांत झाला असेल तर वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा. लघवीच्या जंतुसंसर्गानेही म्हातारं माणूस असं भ्रमिष्ट होतं. कुठे जायचं सुचत नसेल तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे.

वय ८१. आता हवा सुधारून माझा काय उपयोग?

अमेरिकेत ७४ ते ९२ वर्षांच्या, तोवर डिमेन्शिया नसलेल्या स्त्रियांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या परिसरातली हवा आधीच्या दहा वर्षांत जास्त सुधारली होती, त्यांना पुढे डिमेन्शिया होण्याचं प्रमाण कमी होतं. त्यातल्या कित्येकींचं वय तुमच्याहून जास्त होतं.

आमच्या सोसायटीमागे रोज कचरा पेटवतात. कुणाला सांगायचं?

उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये त्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला. शहरात महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात घनकचरा विभागाकडे, गावात ग्रामपंचायतीकडे लेखी द्या. कारखान्याचा धूर असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्राची १९ शहरं आहेत, मुंबई-पुण्यापासून चंद्रपूर, जालना, लातूरपर्यंत. तुमचं शहर त्यात असेल तर त्या कामासाठी केंद्राचा पैसा येतो, तो कशावर खर्च झाला हे माहिती अधिकारात विचारता येतं. झाडूवाल्याशी भांडू नका. पालापाचोळा उचलायला गाडी येत नाही म्हणून तो पेटवतो, तेव्हा अर्जात गाडीच मागा. फोटोवर तारीख-वेळ येऊ द्या, खाली दहा-बारा सह्या घ्या, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच मागून घ्या.